एकमेकांशी बोलत नाहीत ते चालेल, पण पास देत नाहीत त्याचं काय करावं?

पऱ्हाटी | शुक्रवार, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. इथं खेळाचा धागा म्हणजे क्रिकेटचाच असतो, माहीत आहे. तरी हा फुटबॉलचा, आणि तोही खेड्यातला. सांभाळून घ्या.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठी, यवतमाळ-चंद्रपूरच्या हद्दीवर, कोळसापट्ट्यात. एका अंगाला खाणीची कॉलनी, दुसऱ्या अंगाला गाव, मधात मैदान. मी दिवसभर कृषी केंद्रात बियाणं-औषध विकतो आणि साडेपाचला शटर पाडून पोट्टे खेळवतो. कोच म्हणू नका. माझ्याजवळ शिट्टी आहे आणि सायकलचा पंप आहे, एवढंच.

टीममध्ये सोळा-सतराचे दोन पोट्टे आहेत. नावं सांगत नाही, नंबरानं बोलू. नऊ नंबर कॉलनीतला, बाप खाणीत डंपर चालवतो. हा डिफेंडरला पाठ लावून उभा राहिला की त्याच्याजवळचा बॉल काढणं म्हणजे चिखलात रुतलेली बंडी काढणं. अकरा नंबर गावातला. अंगानं तुराटी, पण डावा पाय असा की कॉर्नरच्या झेंड्याजवळून टाकलेला बॉल नऊच्या कपाळावरच पडतो, कुंकू लावल्यासारखा. मागच्या हंगामात आमचे अर्ध्याहून जास्त गोल असेच झाले. बाकीचे नऊजण या दोघांना बॉल नेऊन द्यायचे, बस्स.

नऊला बापानं नवीन स्टड्स घेऊन दिले तेव्हा जुने त्यानं अकराला दिले. ते आठ नंबरचे, अकराचा पाय सात. मग पुढं बोटांपाशी कापूस कोंबायचा, घरच्याच वावरातला, सरकी काढून. एकदा एक सरकी राहून गेली तर पठ्ठ्या हाफटाइमपर्यंत लंगडत खेळला, पण सांगितलं नाही.

आता महिन्यापासून दोघांची बोलचाल बंद. दिवाळीनंतरच्या टूर्नामेंटची सेमीफायनल. ०-१ मागं, दहा मिनिटं उरलेली, आम्हाला पेनल्टी भेटली. पाडलं होतं अकराला. पेनल्टी नेहमी नऊ मारतो. दोघांनी एकाच वेळी बॉल धरला. हा सोडेना, तो सोडेना. शेवटी नऊनं ओढून घेतला, मारला, कीपरनं झेलला. हरलो. मॅच सुटल्यावर नऊनं सगळ्यांसमोर जुने स्टड्स परत मागितले. अकरानं तिथंच काढले. आतला कापूस काढून खिशात घातला, स्टड्स गोलपोस्टपाशी नीट जोडीनं ठेवले आणि अनवाणी घरी गेला.

तेव्हापासून अकरा बॉल घेऊन येतो, नऊ मोकळा उभा दिसतो, आणि हा बाहेर मारतो पण त्याला देत नाही. जानेवारीत नागपूरला एका अकॅडमीच्या ट्रायल आहेत, दोघांनाही न्यायचं ठरलं होतं. आता एका गाडीत बसायला तयार नाहीत.

म्हणून विचारतो. मोठ्या फुटबॉलमध्ये हे कसं निभावतात? भांडणानं खरंच चांगले खेळाडू वाया जातात, का ते नंतर सांगायला बरं पडतं म्हणून सांगतात?

अवांतरकर | शुक्रवार, रात्री १०:०५

सायकलचा पंप असलेला कोच आमच्या तालुक्याला द्या. आमच्याकडं अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव सगळे आहेत, हवा नाही. (हलकं घ्या.)

वाचतोय.

डगआउट | शुक्रवार, रात्री ११:२०

पऱ्हाटीभाऊ, धागा आवडला. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी एक जोडी आहे: इंग्लंडचे दोन स्ट्रायकर, अँडी कोल आणि टेडी शेरिंगहॅम.

मार्च १९९५, वेम्बली, इंग्लंड-उरुग्वे. कोलचा इंग्लंडकडून पहिलाच सामना. तो शेरिंगहॅमच्या जागी मैदानात उतरत होता. बाहेर येणाऱ्या माणसानं आत जाणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, एवढी साधी रीत. शेरिंगहॅमनं ते केलं नाही. कोलच्या मनाला ते लागलं. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, शेरिंगहॅम नेमका कोलच्याच क्लबात आला, मँचेस्टर युनायटेडमध्ये. दोघं पुढची काही वर्षं एका टीमकडून खेळले आणि बोलले नाहीत. कोलनं २०१० साली लिहिलं की शेरिंगहॅमबरोबर चहा घेण्यापेक्षा, ज्यानं टॅकल करून माझा पाय मोडला त्या नील रडॉकबरोबर बसेन.

आता गंमत बघा. याच काळात, १९९८-९९ मध्ये, युनायटेडनं लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकलं. बार्सिलोनातल्या फायनलला कोल सुरुवातीपासून खेळला, शेरिंगहॅम नंतर उतरला. बायर्न म्युनिकविरुद्ध नव्वद मिनिटं संपल्यावर इंज्युरी टाइममध्ये बरोबरीचा गोल शेरिंगहॅमचा, आणि त्यानंच डोक्यानं पुढं काढलेल्या बॉलवर सोल्शायरचा विजयी गोल.

म्हणजे दोस्ती लागतेच असं नाही. तुमच्या धाग्याच्या नावातच उत्तर आहे: बोलू नका, पास द्या.

अर्थात कोलची खरी जोडी ड्वाइट यॉर्कबरोबर होती. त्या हंगामात दोघांचे मिळून ५३ गोल. ते एकमेकांचे जिगरी दोस्त होते हेही सांगायला हवं, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगतोय असं होईल.

कामठीवाला | शनिवार, सकाळी ७:१२

डगआउट भाऊ, स्ट्रायकरचं सांगू नका. स्ट्रायकर नाही बोलला तरी जमते. त्याले डोये हाय, बॉल दिसते, गोल दिसते. मी सेंटर हाफ होतो. मागं राहून मुका राहा अन् पाहा काय होते ते.

मी नव्वदच्या आसपास नागपूरच्या लीगमधी खेळलो. आमचा कीपर अन् मी, दोघंही एकाच मोहल्ल्यातले. भांडन कायचं? तर त्याच्या बहिनीच्या लग्नात मले पंगतीत मागून बसवलं. हसू नका. त्या वयात पंगत लय मोठी गोष्ट असते. दोन महिने बोललो नाही. मग एका मॅचले एका सरकारी खात्याच्या टीमचे लोक पाहाले आले होते, मलेच पाहाले. लांबून उंच बॉल आला. मी "माझा" म्हनालो नाही, तो "कीपर" म्हनाला नाही. मले वाटलं तो येते, त्याले वाटलं मी मारतो. बॉल दोघायच्या मधातून टप्पा खाऊन गोलात. असे दोन गोल खाल्ले त्या दिवशी. साहेब लोक हाफटाइमलेच उठून गेले.

आता माझं किराना दुकान हाय. कीपर रोज माझ्याकडूनच साखर नेते. उधार.

डगआउट | शनिवार, सकाळी ९:३०

कामठीवाले काका, मान्य. हे मला सुचलंच नव्हतं. मुका स्ट्रायकर चालतो, मुका बचाव चालत नाही.

आणि तुमच्या-माझ्या दोघांच्याही म्हणण्याच्या मधलं उदाहरण इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबाचं. २ एप्रिल २००५, न्यूकॅसलच्या घरच्या मैदानावर ॲस्टन व्हिला ३-० नं पुढं. न्यूकॅसलचा एक खेळाडू आधीच लाल कार्ड घेऊन बाहेर. आणि शेवटच्या दहा मिनिटांत न्यूकॅसलचेच ली बोयर आणि किरन डायर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. गुद्दागुद्दी, बोयरचा शर्ट टराटरा फाटला. सोडवायला आला व्हिलाचा गॅरेथ बॅरी, म्हणजे विरुद्ध टीमचा! दोघांनाही लाल कार्ड, न्यूकॅसलचे उरले आठ. कारण काय? डायरनं नंतर सांगितलं त्याप्रमाणे बोयरची तक्रार एवढीच: तू मला पास देत नाहीस.

मॅनेजर ग्रॅम सूनेसनं दोघांना आजूबाजूला बसवून पत्रकारांसमोर माफी मागायला लावली. दोघांचे चेहरे बघा त्या फोटोत. शाळेत हेडमास्तरांनी "आता हात मिळवा" म्हटल्यावर होतात तसे. त्याच महिन्यात तीन दिवसांच्या अंतरानं न्यूकॅसल युएफा कपातून आणि एफए कपाच्या सेमीफायनलमधून बाहेर, दोन्ही वेळा ४-१. सगळं त्या भांडणामुळं झालं असं मी म्हणणार नाही. पण माफी मागायला लावून काही सांधलं गेलं नाही हे नक्की.

शिट्टीमास्तर | शनिवार, दुपारी १२:४५

मी निवृत्त क्रीडाशिक्षक, पंचवीसेक वर्षं शिट्टी फुंकली. दोन गोष्टी.

एक, मारहाण कुणालाही केली, स्वतःच्या गड्याला केली, तरी लाल कार्डच. पोरांना हे माहीत नसतं. "आमच्यातलं आहे सर" म्हणतात.

दोन, पेनल्टी मारणारा कोण हे पंचाला आधी स्पष्ट कळलं पाहिजे, तसा नियमच आहे. तुमच्या सेमीफायनलच्या पंचानं बॉल हातात घेऊन विचारायला हवं होतं. आणि पऱ्हाटी, राग मानू नका, पण त्याच्याही आधी तुम्ही ठरवायला हवं होतं. मॅचच्या आधी कागदावर: पहिला हा, तो नसेल तर तो. "नेहमी नऊ मारतो" हे तुमच्या डोक्यात होतं, लिहिलेलं नव्हतं.

अवांतरकर | शनिवार, दुपारी १:१०

मास्तर, कागद तर पॅरिसवाल्यांकडंही नव्हता. सप्टेंबर २०१७, पीएसजी विरुद्ध लिऑन. नेमारला २२.२ कोटी युरो मोजून आणलेला, कवानी आधीपासूनचा पेनल्टीवाला. फ्री किकच्या वेळी दानी आल्वेसनं बॉल कवानीपासून लपवून नेमारला दिला, पेनल्टीच्या वेळी नेमार कवानीला चिकटला. कवानीनं मारली, कीपरनं अडवली. वणी-वरोऱ्यात काय न् पॅरिसात काय, शाळा सुटल्यावरचं भांडण तेच.

सौ. मिडफिल्ड | शनिवार, दुपारी ३:३०

माझं माहेर पुलगाव. शाळेत असताना आम्ही मुली खेळायचो, मी मध्यभागी. या धाग्यावर सगळे भांडणाचं बोलतायत तर सांगते, आम्हाला भांडायची चैन परवडत नव्हती. अकरा मुली जमायच्याच नाहीत. कुणाची दहावी, कुणाच्या घरी पाहुणे बघायला येणार, कुणाला स्कर्टवर खेळायची परवानगी नाही. एक रुसली की टीमच संपली. म्हणून मी एका मुलीचा दोन वर्षं राग राग केला आणि दोन वर्षं तिलाच सगळ्यात जास्त पास दिले. ती अजूनही समजते की मी तिची मैत्रीण होते!

पऱ्हाटीदादा, एक विचारू? सोळा वर्षांचा मुलगा पेनल्टीसाठी भांडतो हे समजतं. पण बूट परत मागतो, आणि दुसरा कापूससुद्धा काढून नेतो, हे पेनल्टीचं नाही वाटत. बॉल धरून उभे होते तेव्हा ते एकमेकांना काय म्हणाले?

शिट्टीमास्तर | शनिवार, दुपारी ३:३४

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

डगआउट | शनिवार, सायंकाळी ५:१५

सौ. मिडफिल्ड यांचा प्रश्न भारी आहे, उत्तराची वाट बघतो. तोवर धाग्याच्या दुसऱ्या भागाबद्दल. भांडणानं वाया जातात का?

टीम वाया जाते, हे मला पक्कं वाटतं. हॉलंडच्या आयॅक्स क्लबानं १९७१, ७२, ७३ असा सलग तीन वर्षं युरोपियन कप जिंकला. त्यांचा हुकमी खेळाडू क्रॉयफ ऐन भरात. ७३ च्या उन्हाळ्यात, नव्या हंगामाच्या तयारीत, खेळाडूंनी कॅप्टनसाठी मतदान घेतलं, गुप्त. क्रॉयफ हरला, पीट कायझर निवडून आला. आपल्याकडं सरपंचाची निवडणूक झाल्यावर निम्मं गाव निम्म्या गावाच्या विहिरीवर जात नाही, तसलाच प्रकार. क्रॉयफ काही आठवड्यांत बार्सिलोनाला गेला आणि त्यांना १४ वर्षांनी लीग जिंकून दिली. आयॅक्स त्या हंगामात दुसऱ्याच फेरीत सोफियाच्या टीमकडून बाहेर. पुढचा युरोपियन कप थेट १९९५ साली.

खेळाडू वाया जातो का? हातेम बेन आर्फा घ्या. फ्रान्सची १९८७ साली जन्मलेली पोरं: बेंझेमा, नासरी, मेनेझ, बेन आर्फा. २००४ साली १७ वर्षांखालचं युरोप जिंकलेली. बॉल पायात असताना बेन आर्फा चौघांत उजवा होता असं माझं मत. पण जिथं गेला तिथं खटका. सहकाऱ्याशी, नाहीतर मॅनेजरशी. फ्रान्सच्याच नीस क्लबाकडून २०१५-१६ मध्ये लीगमध्ये १७ गोल, सगळे म्हणाले आता सुधारला. पीएसजीनं घेतला, आणि २०१७-१८ च्या अख्ख्या हंगामात त्याला एक मॅच खेळवली नाही. चौघांतला बेंझेमा २०२२ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. आणि बेंझेमाही काही साधू नव्हता. फ्रान्सच्या टीममधला सहकारी वाल्ब्वेना याच्या ब्लॅकमेलच्या प्रकरणात कोर्टात दोषी ठरला, साडेपाच वर्षं देशाच्या टीमबाहेर होता. फ्रान्सनं २०१८ चा वर्ल्ड कप त्याच्याशिवाय जिंकला.

कामठीवाला | शनिवार, रात्री ८:४०

वा भाऊ, लय माहिती. पन तुमीच पाहा ना तुमी काय सांगून रायले. क्रॉयफ रुसला, बार्सिलोना. बेन आर्फा भांडला, इकडून तिकडं, तिकडून तिसरीकडं. झ्लाटनचं आयॅक्समधी व्हॅन डर व्हार्टशी वाजलं, तो युव्हेंटसले गेला अन् आनखी मोठा झाला. त्यायले दुसरा क्लब हाय! भांडन झालं की एजंट फोन करते, विमानाचं तिकीट येते.

पऱ्हाटीच्या अकरा नंबरले कोनता क्लब हाय? चाळीस किलोमीटरमधी दुसरी टीम दाखवा मले. त्याचं त्या नऊ नंबरशी बिनसलं म्हनजे त्याचं फुटबॉलशीच बिनसलं. माझं तेच झालं. कामठीत तरी दोन-चार क्लब होते, मी दुसऱ्याकडं गेलो असतो, पन ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "हा बोलत नाही, दोन गोल खाल्ले यानं."

मोठ्या लोकायचं भांडन म्हनजे बदली. आपल्या पोट्ट्यायचं भांडन म्हनजे निवृत्ती.

डगआउट | शनिवार, रात्री ९:०२

काका, अर्धं पटलं. पण बेन आर्फाला दहाएक क्लब मिळाले आणि दहाएक क्लबांत तेच झालं. दुसरी संधी मिळाली की माणूस सुधारतोच असं नाही.

कामठीवाला | शनिवार, रात्री ९:०६

सुधरत नसन. पन दहा वेळा बिघडाले तरी भेटलं ना त्याले.

पऱ्हाटी | रविवार, सकाळी ६:५०

रात्रभर विचार करत होतो सांगू का नको. ताईंनी बरोबर नस पकडली.

मला वाटत होतं पेनल्टीचंच आहे. काल संध्याकाळी आमच्या कीपरला बाजूला घेऊन विचारलं, तो पेनल्टीच्या वेळी अर्ध्या मैदानापर्यंत पुढं आला होता, त्यानं ऐकलं होतं. अकरा म्हणाला, "मले पाडलं, मी मारतो." त्यावर नऊ म्हणाला, "तुमच्या वावरावर आमची कॉलनी उभी आहे, बॉल काय मागतो बे."

बाहेरच्यांना यात काय आहे ते कळणार नाही म्हणून सांगतो. अकराच्या आज्याचं वावर खाणीत गेलं. जमिनीचे पैसे भेटले, ते दोन लग्नांत आणि एका बोअरवेलमध्ये गेले. नोकरी घरात एकालाच भेटत होती, ती मोठ्या काकाला भेटली, आणि काका वेगळा निघाला. याचा बाप आता दुसऱ्याचं वावर मक्त्यानं करतो. नऊचा बाप लांबून आला, डंपर चालवतो, क्वार्टर आहे, नळाला पाणी आहे. त्यानं कुणाचं काही घेतलेलं नाही, तो नोकरी करतो. आणि नऊ काही वाईट पोट्टा नाही. कुठंतरी ऐकलेलं वाक्य, नेमकं त्या वेळेला तोंडातून निघालं. निघाल्यावर त्यालाही समजलं असणार, कारण पेनल्टी मारायला गेला तेव्हा त्याची मान खाली होती. मी साइडलाइनवरून पाहिलं होतं आणि मला वाटलं दडपण आहे.

मी पंधरा वर्षं या मैदानावर गाव आणि कॉलनी एकत्र खेळवतो याचा मला मोठा अभिमान होता. मैदान कुणाच्या वावरावर आहे हे मी कधी विचारलंच नाही. (त्याच्याच आज्याच्या. विचारून घेतलं काल.)

अवांतरकर | रविवार, सकाळी ८:१५

आज विनोद नाही सुचत. वाचतोय.

सौ. मिडफिल्ड | रविवार, सकाळी १०:२०

दादा, वाटलंच होतं. आता नऊला माफी मागायला लावू नका एवढं सांगते. न्यूकॅसलचं वाचलंत ना वर.

मला एक प्रसंग नेहमी आठवतो. जर्मनीचे दोन गोलकीपर, ऑलिव्हर कान आणि येन्स लेमान. कान २००२ च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू. दोघांचं अजिबात पटायचं नाही, पेपरांतून एकमेकांना टोमणे. २००६ चा वर्ल्ड कप जर्मनीतच, आणि कोच क्लिन्समननं निवडलं लेमानला. कान बाकावर. क्वार्टरफायनलला अर्जेंटिना, १-१, पेनल्टी शूटआउट. सुरू व्हायच्या आधी लेमान गवतावर बसलेला, आणि कान त्याच्याजवळ गेला, खाली वाकला, हात हातात घेतला, काहीतरी बोलला. मग लेमाननं मोज्यातून ती प्रसिद्ध चिठ्ठी काढत काढत, कोण कुठं मारतो ते बघत, दोन पेनल्टी अडवल्या. जर्मनी जिंकली.

त्यानंतर ते काही जिवलग झाले नाहीत. पण कानला कुणी "जा, हात मिळव" म्हटलं नव्हतं. तो आपला आपण गेला, त्याच्या वेळेला गेला. तुम्ही फक्त तशी वेळ येऊ शकेल एवढी जागा ठेवा. दोघांना एका मैदानावर येत राहू द्या.

डगआउट | रविवार, दुपारी १२:००

पऱ्हाटीभाऊ, मी आकडे फेकत बसलो होतो, जरा ओशाळलो. तरी एक सांगतो, कारण ते तुमच्या पोस्टशी जुळतं.

इंग्लंडची ती जेरार्ड, लॅम्पार्ड, फर्डिनंड, स्कोल्सची पिढी. २००२, ०४, ०६ तिन्ही वेळा क्वार्टरफायनलला बाहेर, २००८ च्या युरोला तर पात्रच नाही. नंतर टीव्हीवर बसून फर्डिनंड, जेरार्ड, लॅम्पार्ड तिघांनी कबूल केलं की क्लबांमधलं वैर आम्ही देशाच्या टीममध्ये घेऊन यायचो, जेवायलासुद्धा आपापल्या क्लबवाल्यांच्या टेबलावर. फर्डिनंड आणि लॅम्पार्ड तर पोरवयात वेस्ट हॅममध्ये एकत्र वाढलेले.

आणि स्पेनमध्ये २०११ साली रेआल-बार्सिलोना सामने मारामारीपर्यंत गेले तेव्हा रेआलच्या कसियासनं फोन उचलून बार्सिलोनाच्या झाव्हीला लावला; देशाच्या टीममध्ये दोघं एकत्र. रेआलच्या लोकांना तो फोन आवडला नाही म्हणतात. २०१२ ला स्पेननं पुन्हा युरो जिंकला.

भांडण मैदानात उगवलेलं नसतं पुष्कळदा. बाहेरून बुटाला चिकटून आत येतं. ते मैदानात सुटणार कसं, हे मात्र मला माहीत नाही.

शिट्टीमास्तर | रविवार, दुपारी ४:३०

वावराचा प्रश्न तुमच्या शिट्टीनं सुटणार नाही, त्यामुळं तो सोडवायला जाऊ नका. पासचा प्रश्न सुटू शकतो.

मी पूर्वी करायचो ते सांगतो. लहान मैदान, सहा विरुद्ध सहा. दोघांना एकाच बाजूला टाका. नियम एकच: त्या बाजूचा गोल तेव्हाच धरायचा, जेव्हा शेवटचा पास या दोघांतल्या एकाचा आणि गोल दुसऱ्याचा. नाहीतर कितीही मारा, शून्य. हरणाऱ्या बाजूनं मैदानाला पाच चकरा. पहिल्या दिवशी काही होत नाही. बाकीची चार पोरं चकरा मारून मारून वैतागतात आणि तुमचं काम तीच करतात.

आणि घरच्यांना एक समजावून सांगा. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण सांघिक खेळात प्रमाणपत्राची किंमत टीम कुठवर पोचली त्यावर ठरते. एकट्या अकराचा डावा पाय कितीही गोड असला तरी टीम जिल्ह्यातच हरली तर त्याच्या हातात कागद येत नाही. त्याचा बाप पोलीस भरतीचं बोलत असेलच. सोळाशे मीटर पळायला कुणाचा पास लागत नाही, हे खरं. पण कागद असला तर बरं.

पऱ्हाटी | बुधवार, रात्री ८:३५

उशीर झाला, दुकानात हरभऱ्याच्या औषधाची गर्दी होती.

मास्तर, सोमवारी तुमचं केलं. दोघंही आले, हेच मला आश्चर्य. चाळीस मिनिटं खेळले. त्या बाजूनं सहा वेळा बॉल गोलात मारला, सहाही शून्य, कारण एकदाही दोघांतला पास नाही. चकरा झाल्या. आमचा लेफ्ट बॅक, जो कधी तोंड उघडत नाही, तो चौथ्या चकरेला दोघांच्या नावानं जे बोलला ते इथं लिहिता येणार नाही.

काल तेच. अंधार पडत आला होता, तीस-पस्तीस मिनिटं झाली असतील. अकरा डावीकडून निघाला, दोघांना चकवलं, नऊ मधात मोकळा. अकरानं पाहिलं. आणि त्यानं पास नाही दिला, त्यानं बॉल मारला, नऊच्या अंगावर, जेवढा जोर होता तेवढ्या जोरानं, पाच फुटांवरून. बॉल नऊच्या नडगीवर आपटला आणि गोलात गेला. नऊ नडगी धरून खाली बसला. सगळे माझ्याकडं पाहायला लागले, हा गोल धरायचा का म्हणून.

मी धरला.

नऊ उठला, लंगडत सेंटरला गेला. अकरा त्याच्या मागून गेला. एकमेकांकडं पाहिलं नाही. चकरा त्या दिवशी दुसऱ्या बाजूनं मारल्या.

ट्रायलचं अजून काही ठरलं नाही. दोन गाड्यांचा खर्च मला झेपणारा नाही हे दोघांनाही सांगून ठेवलं आहे.

कामठीवाला | बुधवार, रात्री ९:१०

नडगीवरचा गोल बी गोलच असते भाऊ. ट्रायलले नागपूरले आले की घरी या, दोघायलेही घेऊन. पंगतीत कोनालेच मागून नाही बसवत मी.

अवांतरकर | बुधवार, रात्री ९:२५

आणि ते स्टड्स? गोलपोस्टपाशीच आहेत का अजून?

पऱ्हाटी | बुधवार, रात्री ९:५०

नाही. नऊनं मागितले पण नेले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी लेस चावलेली दिसली म्हणून मी उचलून आणले. दुकानात फवारणी पंपांच्या मागं ठेवले आहेत.

आज दुपारी अकरा आला होता, बापासाठी युरियाची थैली न्यायला. स्टड्स दिसले त्याला. काही बोलला नाही. थैली सायकलवर बांधली, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "भाऊ, नऊची नडगी सुजली का?"

म्हटलं, मला काय माहीत, त्याला विचार.

"राहू द्या," म्हणाला आणि सायकल ढकलत निघून गेला. उद्या त्यांच्या घरी कापसाची वेचणी आहे, त्यामुळं प्रॅक्टिसला येणार नाही.